सीटी मारणारी पिकअप

८ सप्टेंबर, सोमवार

पूर्णेच्या पुलाच्या चढावर आज गाडीनं लाज काढली. संग्रामपूरहून केळी भरून येत होतो. तिसऱ्या गिअरमध्ये ओढेना, दुसऱ्यात टाकली तर नुसतीच बोंबलायला लागली. मागं काळा धूर एवढा की एक एसटीवाला काच खाली करून म्हणाला, "भाऊ, वीटभट्टी कुठी घेऊन चालला?" आणि वरून ती सीटी. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनातून कुकरसारखी सीटी वाजते, सोडला की बंद. मागच्या पावसाळ्यापासून आहे, आता वाढलीच.

हायवेच्या फाट्यावर आलो, तर प्रसेनजितच्या पंक्चरच्या दुकानात धम्मशीला बसलेली. लोखंडी स्टुलावर, टायरच्या ढिगाला टेकून. नांदुऱ्याच्या लॅबमधून सुटली की ती बसनं येते आणि घरी जायच्या आधी त्या दुकानात थांबते. काऊन थांबते? तर म्हणते, वस्तीत रेंज नाही, फोन इथूनच लागतो. ठीक आहे. पण कानाला फोन लावून ती हसत होती आणि समोर प्रसेनजित ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसला होता. नुसत्या फोनवर कोणी एवढं हसते काय? समोर बसणारा माणूस हसवत असेल तरच एवढं हसू येते.

मी मुद्दाम दुकानासमोर गाडी रेस केली. तिनं फोन बाजूला धरला आणि म्हणाली, "अश्वजित, तुह्या गाडीची सीटी आली की मले घरात बसून समजते, तू आला म्हून."

प्रसेनजित पाण्यातून मान वर न करता म्हणाला, "सीटी नाई वं ते. गाडी रडून राह्यली."

यावर ती हसली. पण आधीचं वाक्य तिचं होतं, आणि ते माझ्यासाठी होतं. घरात बसून समजते. म्हणजे कान देऊन असते. जेवताना आईनं दोनदा विचारलं, भाजी खारट झाली काय. मला भाजी कोणती होती हेच सांगता आलं नाही.

१० सप्टेंबर

विहारात बैठक झाली. दर अशोक विजयादशमीला आमची वस्ती नागपूरला दीक्षाभूमीवर जाते. दूरदूरहून आलेल्या लोकांसाठी आम्ही तिथं स्वयंपाक करून वाढतो. माणसं रेल्वेनं जातात. मोठाले गंज, कढया, तांदूळ, डाळ हे सगळं आमच्या पिकअपमध्ये. मला समजायला लागल्यापासून हा मान बाबांचा आहे. यंदा त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून चालवणार मी.

आता खरी गोष्ट. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी दोन जागा आहेत. एक कायम अन्नपूर्णाकाकूची, कारण स्वयंपाक तिच्या हाताखाली चालतो आणि तिच्या गुडघ्यांना रेल्वेची गर्दी सोसत नाही. यंदा तिच्यासोबत तिची पोरगी येणार आहे. पोरगी म्हणजे धम्मशीला. काकूला गाडी लागते, म्हणून ती खिडकीशी बसते. मग मधे कोण बसणार? पहाटेपासून संध्याकाळपर्यंत, वडनेर ते नागपूर.

हा हिशोब मनात चालू असतानाच कमिटीचे उकंडराव बोलले, "अश्वजित, तुह्या गाडीचा भरवसा नाई राह्यला. अठ्ठावीसच्या रविवारी भांडे भरून पूर्णेच्या पुलावर चढवून दाखव. चढली त ठीक. नाई त प्रसेनजितनं नवी पिकअप घेतलीच हाये."

"मी त तयारच हाव," प्रसेनजित म्हणाला. पांढरा शर्ट घालून आला होता. पंक्चर काढणाऱ्या माणसाला पांढरा शर्ट कशाला लागतो?

मी उठलो. "हात त लावून दाखव भांड्याले."

"खाली बस," काकू म्हणाली. "विहार हाये हे, बसस्टँड नाई."

बसलो. पण ज्या केबिनमध्ये ती बसेल, ती केबिन माझी असेल. हे मी इथं लिहून ठेवतो.

१३ सप्टेंबर

डिझेल फिल्टर बदलला. फरक नाही. खामगावला रहेमतुल्लाचाचांकडं गेलो, बाबांचे जुने मिस्त्री. त्यांनी सीटी ऐकली, धूर पाहिला, दाढी खाजवली आणि म्हणाले, "नोझल." म्हणजे डिझेल फवारणारी पिचकारी. मलाही तेच वाटत होतं. गाडीत दम नाही म्हणजे तिला डिझेल कमी पडत असणार. अख्खा दिवस घालून नोझल साफ करून घेतले. येताना चढावर तीच गत.

चाचांना फोन केला तर म्हणाले, "मग पंप असंन, बेटा." म्हणजे त्यांनाही माहीत नाही.

फाट्यावर ती नव्हती. दुकान पण बंद होतं. दोन्ही एकाच वेळी काऊन?

१५ सप्टेंबर

ऋत्विकला फोन लावला. हे आधीच करायला पाहिजे होतं. अमरावतीला इंजिनिअरिंगला आम्ही एका खोलीत राहायचो. मी तिसऱ्या वर्षी वर्कशॉपच्या सरांसमोर जर्नल आपटून निघून आलो; त्यानं पूर्ण केलं. आता नागपूरला गाड्यांच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये इंजिनिअर आहे. एप्रिलमध्ये जयंतीला आमच्याकडं आला होता, तेव्हा वस्तीतल्या झाडून सगळ्यांना आवडला. धम्मशीलेच्या बाबतीतही तोच माझा माणूस आहे. तिचा नंबर मीच दिला त्याला. म्हटलं, तू गोड बोलतो, मला जमत नाही, माझ्याबद्दल तिच्या मनात काय आहे ते काढ. पाच महिने झाले, तो काढतोच आहे. विचारलं की म्हणतो, घाई नको करू.

तर त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "धूर काळा आहे ना? मग डिझेल भरपूर जातंय. कमी पडतेय ती हवा. तू उलट्या बाजूला शोधतोय."

मग नीट समजावलं. टर्बो हवा दाबून पाठवतो. ती येते इनटेक मॅनिफोल्डमध्ये. मॅनिफोल्ड म्हणजे ॲल्युमिनियमचा एक पोकळ हात, चार बोटांचा. इंजिनाच्या कुशीला बोल्टनं आवळलेला. एका तोंडानं हवा घेतो आणि चार सिलिंडरला सारखी वाटून देतो. त्याला कुठं चीर पडली किंवा मधलं गॅस्केट, म्हणजे सांध्यातली पातळ पट्टी, उडालं, की दाबलेली हवा तिथून शिट्टी मारत बाहेर. डिझेल तेवढंच, हवा कमी, म्हणून ते अर्धवट जळते आणि धूर होते. हे सगळं मी तिसऱ्या वर्षात शिकलो असणार. त्या दिवशी वर्गात नसेन.

शेवटी म्हणाला, "तिकडे पाऊस फार लागलाय ना? काकूंचा गुडघा परत सुजला असेल."

खरंच सुजला आहे. एवढ्या दूर राहून आमच्या वस्तीतल्या बाईच्या गुडघ्याची काळजी करणारा हा पोट्टा. असा दोस्त मिळायला नशीब लागते.

१८ सप्टेंबर

चीर शोधायची तर कॉम्प्रेसर पाहिजे. ऋत्विकनं पद्धत सांगितली: टर्बोच्या तोंडाला बूच मारायचं, आत हलक्या दाबानं हवा सोडायची, वरून साबणाचं पाणी टाकायचं, गळते तिथं फेस उठते. आणि वडनेरात कॉम्प्रेसर कोणाकडं? पंक्चरवाल्याकडं.

सकाळभर फाट्याला चकरा मारल्या. शेवटी गेलोच.

"हवा पाह्यजे," मी म्हटलं.

"चाकात?"

"इंजिनात."

प्रसेनजितनं मला पायापासून वरपर्यंत पाहिलं. वाटलं, नाही म्हणेल. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. पण त्यानं नळी ओढत आणली, हवेचा दाब कमी केला, स्वतःच साबण कालवला. कान इंजिनाला लावून मी म्हटलं, आवाज टर्बोकडून येऊन राह्यला. त्यानं ऐकलं नाही. तो फेस पाहत होता. टर्बोवर काही नाही. पाइपांवर काही नाही. मग मॅनिफोल्डच्या खालच्या बाजूला, अगदी मागं, चौथ्या बोटाच्या बुडाशी, हात पोचत नाही अशा जागी पांढरा फेस फुगून आला.

"आवाज इकडून येते, भोक तिकडं हाये," तो म्हणाला. "ट्यूबचंबी असंच होते." मोठा शहाणा.

मग हात पुसता पुसता म्हणतो, "एक विचारू? तुह्यं अन् तिचं जमलं हाये न? रोज इथं बसून फोनवर तुह्यंच नाव घेते न?"

जखमेवर मीठ चोळायची ही पद्धत. तिला समोर बसवून हसवतो हाच, आणि वरून मला विचारतो. मी पाना उचलला होता. पण नळी त्याची होती आणि अजून लागणार होती, म्हणून खाली ठेवला. म्हटलं, "घेते मग. तुले काय करा लागते?"

त्याचं तोंड उतरलं. बरं वाटलं.

१९ सप्टेंबर

बाबांना चीर दाखवली. हिरवा चष्मा वर करून त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "हाव, इथं मीच लेप लावला होता. तू बारावीत होता तवा." लेप सुटला, चीर वाढली. एवढी वर्षं गाडी लेपावर चालली आणि मी पंपाला शिव्या देत होतो.

संध्याकाळी अन्नपूर्णाकाकूनं बोलावून चहा पाजला. कधी नाही ते बशीत बिस्किटं. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारते, "बाबू, तुह्या त्या दोस्ताच्या घरचे कसे हायेत? बाप काय करते त्याचा?"

"पोस्टात होते. लय चांगले लोक हायेत, काकू."

"अन् तो? दारू-गिरू?"

"चहाबी मोजून घेते."

समाधानानं मान हलवली तिनं. पोरगा ओळखायचा तर त्याची संगत पाहतात. म्हणजे काकू माझी चौकशी करते आहे. घरी येताना नाली ओलांडायची ती उडी मारून ओलांडली. पांढरे शर्ट घाल म्हणा आता किती घालायचे ते.

२१ सप्टेंबर, रविवार

नवीन मॅनिफोल्ड कंपनीतून यायला दसरा उलटून जाईल म्हणतात. रहेमतुल्लाचाचांनी भंगारातल्या एका पिकअपचा काढून ठेवला. नोझलच्या चुकीची त्यांना लाज वाटत असावी, चहा त्यांनीच मागवला आणि सारखे म्हणत होते, "नोझल असो का मॅनिफोल्ड, दोन्हीची तक्रार सेम दिसते, बेटा."

आतून तो काजळीनं एवढा भरलेला की मधल्या भोकात बोट जाईना. दिवसभर डिझेल आणि तारेचा ब्रश घेऊन घासला. जिथं तो इंजिनाला टेकते ते तोंड काचेवर ठेवून पाहिलं; सपाट आहे. ऋत्विकनं व्हिडिओवर पाहून शाबास म्हटलं. मग बजावलं, "जुना काढला की इंजिनाच्या चारही भोकांत स्वच्छ फडकं कोंब. एक वायसर आत पडला तर इंजिन गेलं. आणि बोल्ट मधून सुरू कर, मग आजूबाजूला. थोडे थोडे, सगळे फिरून. एकाच टोकाला जोर लावू नको. तुझा स्वभाव मला माहीत आहे."

"स्वभाव सोड. ती काही बोलली?"

तो म्हणाला, "अश्व्या, तुला एक सांगायचं होतं. रागावणार नसशील तर."

"प्रसेनजितचं असंन त नको सांगू. गाडी लागेपर्यंत मले डोकं थंड ठेवायचं हाये."

"प्रसेनजितचं काही नाही. तो तिच्या मनात नाहीच."

"बस. मंग बाकी काई ऐकायचं नाई मले," मी म्हटलं आणि फोन ठेवला. इतक्या खात्रीनं बोलतो, म्हणजे तिनं स्वतः सांगितलं असणार. माझा माणूस बरोबर कामाला लागला आहे.

२३ सप्टेंबर

लिहू नये असं वाटते. तरी लिहितो.

दुपारी जुना मॅनिफोल्ड उतरवला. भोकांत फडकी कोंबली, एक नट निसटून नेमका फडक्यावरच पडला, तेव्हा ऋत्विकचे मनातून पाय धरले. नवं गॅस्केट लावलं. भंगारातला मॅनिफोल्ड जागेवर बसवला, बोल्ट हातानं लावले. सगळं पुस्तकासारखं चाललं होतं. मग सुतळी आणायला फाट्यावर गेलो.

प्रसेनजितची मोटारसायकल नांदुऱ्याकडं निघालेली. मागं धम्मशीला. साडी नेसलेली. निळी, काठाची. लॅबला कोणी साडी नेसून जात नाही. केसांत काहीतरी पांढरं माळलेलं. एका हातानं तिनं मागचं कॅरिअर धरलं होतं, हे मी पाहिलं, पण रस्त्यात खड्डे आहेत आणि कॅरिअर किती वेळ धरणार माणूस?

परत आलो, पान्याला लोखंडी पाइप घातला आणि टोकाचा पहिला बोल्ट आवळला. तो बसला तरी आवळला. प्रत्येक फेरीला ती साडी दिसत होती. बाबा ओट्यावरून म्हणाले, "हळू रे, ते लोखंड नाई." मी म्हटलं, तुम्ही डोळे सांभाळा. मग टक् झालं. छोटासाच आवाज. बोल्ट ज्यातून जातो तो मॅनिफोल्डचा कान तुटून माझ्या पायाशी पडला.

बाबांनी ओट्यावरूनच तो आवाज ऐकला. उठून आत गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२४ सप्टेंबर

ऋत्विकला सांगितलं. तो चिडला नाही. उलट त्याचाच आवाज घाबरा. "म्हणजे एक तारखेला येणं होणार नाही? अश्व्या, गाडी नाही झाली तर मी इकडून कार पाठवतो. काकूंना आणि... त्यांना तरी आणू."

स्वतःच्या गावाची नाही, घरची नाही, तरी कार पाठवायला तयार. मला भरून आलं. म्हटलं, कार नको, इज्जतीचा प्रश्न आहे. तेव्हा म्हणाला, ॲल्युमिनियमला आरगॉनचं वेल्डिंग होते, खामगावला शोध. वेल्डिंगनं तोंड वाकडं होईल, ते मशीनवर घासून सपाट करून घे.

प्रसेनजितशी बोलणं बंद. तसं आधीही फार नव्हतं.

२६ सप्टेंबर

चाचांनी वेल्डिंगवाला शोधून दिला आणि समोर उभं राहून काम करून घेतलं. कान लागला. दिसायला बेढब, पण घट्ट.

संध्याकाळी बसवायला घेतला. उजेड कमी पडत होता. मागून कोणीतरी मोबाइलची बॅटरी धरली. वळून पाहतो तर धम्मशीला.

"होईन न अश्वजित? एक तारखेले पोहचू न आपण?"

आपण म्हणाली.

"तू साडी नेसून कुठी गेलती परवा?" तोंडातून निघूनच गेलं.

बॅटरीचा उजेड जरा हलला. "पाहुणे होते नांदुऱ्याले. आई आधीच ऑटोनं गेलती. माही बस हुकली, म्हून प्रसेनजितभाऊले सोडून दे म्हटलं."

भाऊ. प्रसेनजितभाऊ. मला नुसतं अश्वजित म्हणते. मी बोल्ट मधून सुरू केले. मधले दोन, मग त्यांच्या बाजूचे, मग टोकाचे. थोडे थोडे, फिरून फिरून. हात आपोआप हलका पडत होता. ती म्हणाली, "किती हळू करते तू." मी म्हटलं, हे कामच असं आहे. तिनं विचारलं, "हे तुले ऋत्विकनं शिकवलं?" मी म्हटलं, सगळं त्यानंच. ती हसली. उजेड माझ्या हातावर होता, त्यामुळं तिचं तोंड नीट दिसलं नाही.

चावी फिरवली. धूर नाही. रेस केली. सीटी नाही. नुसता इंजिनाचा भरीव आवाज. आतून बाबा चष्मा न घालताच बाहेर आले.

२८ सप्टेंबर, रविवार

सगळे गंज, कढया, पोती भरून पूर्णेचा पूल तिसऱ्या गिअरमध्ये चढवला. उकंडराव शेजारी बसले होते. वर गेल्यावर म्हणाले, "हे तीच गाडी हाये न बे?"

प्रसेनजितची नवी पिकअप राहिली. पण तो म्हणतो, सामानासोबत मागं कोणीतरी पाहिजे, मी येतो. कमिटीनं हो म्हटलं. म्हणजे तांदळाच्या पोत्यावर बसून मागच्या काचेतून केबिनमध्ये पाहत येणार. पाहू दे. पोटभर पाहू दे.

१ ऑक्टोबर, नागपूर

आजचा दिवस मला जन्मभर पुरेल.

काकू खिडकीशी, मधे ती. बाळापूरपर्यंत काकू जागी होती, मग झोपली. धम्मशीला एवढी कधी बोलली नव्हती. म्हणाली, "तुमच्या होस्टेलचं सांग न काई." मी सांगितलं. आमच्या खोलीत गॅसवर भात कसा करपायचा. मला टायफॉइड झाला तेव्हा ऋत्विकनं परीक्षेच्या आदल्या दिवशी कपाळावर पट्ट्या ठेवल्या आणि स्वतः एका विषयात लटकला. त्याच्या आईनं माझ्यासाठी पाठवलेलं लोणचं. "त्याची आई रागीट हाये काय?" तिनं विचारलं. म्हटलं, अगदी गाय. हे ऐकून तिनं एवढा मोठा श्वास सोडला. माझं तारुण्य कसं गेलं हे तिला सगळं जाणून घ्यायचं होतं.

आरशात मागं पाहिलं की काचेला लागलेलं प्रसेनजितचं नाक दिसायचं. अमरावती सोडल्यावर मी त्याच्याकडं पाहून हात हलवला.

इंजिन तर लोण्यासारखं. ऋत्विकचा मेसेज आला होता: लांबची पहिली फेरी झाली की इंजिन थंड होऊ दे आणि बोल्ट पुन्हा तपास. उद्या भेटतोच.

२ ऑक्टोबर

सकाळपासून पंगती चालू होत्या. निळ्या झेंड्यांची आणि पांढऱ्या कपड्यांची एवढी गर्दी की गंज रिकामा व्हायच्या आत दुसरा चढवावा लागे. मी वरण वाढत होतो, प्रसेनजित भात. काकू उलथनं हातात घेऊन दोघांना सारख्याच शिव्या देत होती. "अश्व्या, हात काऊन आखडते? प्रसन्या, भात सांडू नको, लोक पायी आले हायेत."

तेव्हा ऋत्विक आला. सोबत त्याचे आईबाबा. मी वरणाची बादली ठेवून त्याला मिठी मारायला निघालो.

आणि काकूनं उलथनं खाली ठेवलं, घाईघाईनं हात पुसला आणि डोक्यावर पदर घेतला.

आमच्याकडं बायका हा पदर सगळ्यांसमोर घेत नाहीत. माझ्यासमोर काकूनं कधी घेतला नाही. उकंडरावांसमोर घेत नाही, ते तिच्या भावासारखे. सासरच्या मोठ्या माणसांसमोर घेते. आणि जावयासमोर.

म्हटलं, त्याच्या बाबांसाठी असेल. पण बाबा आईसोबत मागं राहिले होते. समोर तो एकटाच होता. तिनं त्याला पंगतीत बसू दिलं नाही. सतरंजी घडी करून टाकली, "बसा" म्हणाली, आणि पहिलं ताट स्वतः वाढलं. एप्रिलमध्ये याच काकूनं त्याला अरे-तुरे करून जयंतीच्या खुर्च्या उचलायला लावल्या होत्या. धम्मशीला पाण्याचा तांब्या घेऊन आली. निळी साडी, काठाची.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी वरणाची बादली उचलली आणि कोणाच्या तरी भरलेल्या ताटात वाढत राहिलो. तो माणूस म्हणाला, "बस भाऊ, बस."

मी पार्किंगला गेलो. बोनेट उघडलं. इंजिन थंड होतं. पान्याला लावायचा पाइप सीटमागं होता. तो हातात घेतला, परत ठेवला. मग मधल्या दोन बोल्टपासून सुरुवात केली. एकेक, आणखीच हळू. ऋत्विक मागून आला. मी ओळखलं, पण वळलो नाही.

"दोनदा सांगणार होतो," तो म्हणाला.

"सरक. उजेड अडते."

तो सरकला, पण गेला नाही. टोकाचा, वेल्डिंगच्या कानातला बोल्ट पाव फेरीसुद्धा फिरला नाही. घट्टच होता. मी बोनेट बंद केलं. त्याला मारावं असं वाटत होतं आणि अजून वाटते. त्याचा नंबर आईच्या नंबराच्या खालीच आहे माझ्या फोनमध्ये. तिला तो मी दिला नव्हता. तिचा त्याला दिला होता. हे कोणाला सांगायचं?

४ ऑक्टोबर, घरी

काकू आणि ती दोन दिवस तिकडेच राहणार, ऋत्विकच्या मावशीकडं. मग रेल्वेनं येतील. केबिनमध्ये प्रसेनजित बसला. मधली जागा रिकामी.

बडनेरा गेलं. मग तो म्हणाला, "त्या दिवशी नांदुऱ्याच्या स्टेशनवर सोडलं मी तिले. पाहुणे कोणाचे, म्हटलं. तर म्हणे, नागपूरचे, अश्वजितच्या ओळखीचे. मले वाटलं तुह्येच मामा-मामी असंन. तिथून आलो अन् दुकान बंद करून झोपलो."

"मले वाटलं तू हाय म्हून."

"मले वाटलं तू."

त्याला हसू यायला लागलं. आधी नाकातून, मग पोट धरून. मी गाडी बाजूला घेतली आणि म्हटलं, उतर. तो डोळे पुसत म्हणाला, "नाई उतरत. भूक लागली हाये. अन् मागं कांदे हायेत नुसते." मग मूर्तिजापूरला दोघांनी भजी खाल्ली. पांढऱ्या शर्टाला तेल लागलं. मला वाईट वाटलं नाही, पण आनंदही झाला नाही. हे नवीन आहे.

फाट्यावर त्याला सोडलं. लोखंडी स्टूल तसंच होतं. तो म्हणाला, "गाडी मस्त झाली पण. सीटी त पार गेली."

वस्तीत शिरलो. धम्मशीलेच्या घराला कुलूप. तिथं सवयीनं ॲक्सिलरेटर दाबला. काही वाजलं नाही. गाडी नुसती पुढं निघाली.

बाबा अंगणात पाठमोरे बसले होते. मी दार लावलं तेव्हा दचकले.

"कवा आला बे? आवाजच नाई आला."

"आता नाई येणार बाबा," मी म्हटलं.

ते खूश झाले. उठून बोनेटवर हात फिरवत राहिले.